जामीन मंजूर झाला, तरी माणूस आत का?

तुमच्या प्रश्नाचा गाभा मी आधी मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुमच्या भोसरीतल्या वर्कशॉपमध्ये काही काळ हेल्पर म्हणून राहिलेला, मूळचा नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावकडचा एक तरुण बांधकामावरची तांब्याची वायर चोरल्याच्या आरोपात अटकेत आहे. जामीन मंजूर होऊन महिना उलटला. आदेशात २५,००० रुपयांचा जातमुचलका (आरोपीनं स्वतः लिहून दिलेली हमी) आणि तेवढ्याच रकमेचा एक स्थानिक, सक्षम जामीनदार असं लिहिलंय. घरच्यांना कोणी मिळत नाही. कोर्टाबाहेर एकजण ‘आठ हजार द्या, जामीनदार मी उभा करतो’ म्हणतोय. तुम्ही विचारलंय, कोर्टानं सोडा म्हटल्यावर तुरुंग सोडत का नाही, ही व्यवस्था मुद्दामच गरिबांविरुद्ध बांधलीय का, आणि गरीब देशांत सगळीकडे असंच चालतं का.

मी बरीच वर्षं जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिली करतोय, त्यातला मोठा भाग विधी सेवा प्राधिकरणाकडून, म्हणजे मोफत वकील देणाऱ्या सरकारी यंत्रणेकडून, आलेली कामं. कागद न बघता या मुलाबद्दल ठाम सांगणं बरोबर नाही. पण असं अडकणं रोजचं आहे, त्यामुळे कुठे काय पाहायचं ते नक्की सांगू शकतो.

पहिली गोष्ट म्हणजे, तो खरंच जामीनदाराअभावीच आत आहे का, याची खात्री करा. पुष्कळदा घरचे जामीनदार शोधत फिरतात आणि अडचण भलतीच असते. त्याच्यावर दुसऱ्या पोलीस ठाण्यात गुन्हा असेल आणि तिथलं प्रॉडक्शन वॉरंट, म्हणजे त्याला तिथल्या कोर्टात हजर करण्याचा आदेश, तुरुंगात येऊन पडलं असेल, तर या केसचा जामीन भरूनही दार उघडत नाही. नावाचा घोळ तर नेहमीचा. आदेशात आडनाव ‘पावरा’, तुरुंगाच्या रजिस्टरला ‘पवार’, की सुटकेचा कागद परत. गुन्हा रजिस्टर नंबरातला एक आकडा चुकला तरी तेच. तुरुंगाच्या न्यायालयीन शाखेत वकिलामार्फत विचारलं की हे एका दिवसात कळतं.

आता मूळ मुद्दा. २५,००० चा जामीन म्हणजे तेवढे पैसे आज भरायचे, असा बहुतेकांचा समज असतो. ते तसं नाही. आरोपी लिहून देतो की मी तारखेला हजर राहीन, नाही राहिलो तर ही रक्कम देणं लागेन. तो जातमुचलका. जामीनदार लिहून देतो की हा हजर राहील याची जबाबदारी माझी. पैसा तेव्हा कुणाच्याच खिशातून जात नाही. पण जामीनदाराची तेवढी ऐपत आहे हे कोर्टाला पटवावं लागतं, आणि ऐपत पटते कागदानं. सातबारा, घरपट्टीची पावती, पगाराची स्लिप, कुठे तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला, सोबत आधार आणि रेशन कार्ड.

धडगावच्या माणसाचं इथेच अडतं. त्याचा बाप किंवा काका जामीनदार राहायला आनंदानं येईल. पण अनेक घरांत सातबारा अजून आजोबांच्या नावावर असतो, वारसनोंद झालेली नसते. कसायची जमीन वनहक्काची असेल तर २००६ च्या कायद्यानुसार तो पट्टा वारसांना मिळतो, मात्र विकता किंवा हस्तांतरित करता येत नाही. मग कोर्टातला लिपिक विचारतो, उद्या वसुली करायची झाली तर कशावर? घरी जमीन असून जामिनाच्या हिशेबात माणूस भूमिहीन ठरतो. त्यात आदेशात ‘स्थानिक’ हा शब्द. धडगावहून पुण्याला दोनदा यायचं म्हणजे मजुरी बुडवून गाडीभाडं घालायचं, आणि इथे ओळख कोणाची, तर त्याच्यासारख्याच भाड्यानं राहणाऱ्या मजुरांची.

हा प्रश्न नवा नाही, याचं मला सगळ्यात जास्त दुःख होतं. १९७८ मध्ये मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश राज्य हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. मोतीराम गवंडी होता. दंडाधिकाऱ्यांनी १०,००० रुपयांचा जामीनदार मागितला, आणि भाऊ जामीन राहायला तयार असताना तो व त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून नाकारला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ते चूक ठरवलं आणि १,००० रुपयांच्या स्वतःच्या जातमुचलक्यावर त्याला सोडायला सांगितलं. पुढच्याच वर्षी हुसेनआरा खातून प्रकरणात बिहारच्या तुरुंगांतली स्थिती समोर आली. गुन्ह्याला जास्तीत जास्त जेवढी शिक्षा, त्याहून अधिक काळ काही माणसं खटल्याविना आत होती. कपिला हिंगोरानी या वकील बाईंनी वर्तमानपत्रातल्या लेखांच्या आधारे ती याचिका केली होती. जलद खटला आणि मोफत वकील हा हक्क घटनेच्या कलम २१ मध्येच येतो, हे तिथून पक्कं झालं.

इतकं झाल्यावर आज काय आहे? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजार २२० माणसं होती. त्यांतली ४ लाख ३४ हजार ३०२ कच्चे कैदी, म्हणजे दर चारांतले तीन. दोष सिद्ध न झालेली माणसं. तुरुंग क्षमतेच्या १३१ टक्के भरलेले. यांतले सगळेच गरिबीमुळे आत नाहीत हेही सांगायला हवं. खून, बलात्कार, अमली पदार्थ यांचे आरोपी त्यात आहेत आणि त्यांतल्या अनेकांना जामीन नाकारलेलाच असतो. मी बोलतोय ते तुमच्या या हेल्परसारख्यांबद्दल, ज्यांना सोडायला हरकत नाही असं कोर्टानं स्वतःच म्हटलंय.

मग हे मुद्दाम केलेलं आहे का? माझं मत असं की कोणा एकाचा हेतू शोधलात तर सापडणार नाही. या साखळीतला प्रत्येकजण आपल्यापुरता धोका टाळत असतो. पोलीस लिहितात, ‘आरोपी परजिल्ह्यातील असून पळून जाण्याची शक्यता आहे’, कारण तो पळाला तर वरिष्ठ त्यांना विचारणार. दंडाधिकाऱ्यांपुढे दिवसाला शेकडो प्रकरणं. नेहमीची रक्कम, नेहमीची अट लिहिणं सर्वांत सुरक्षित. लिपिक कागद कडक तपासतो, कारण बोगस जामीनदार निघाला तर चौकशी त्याची. तुरुंगाधिकारी एका अक्षराच्या फरकावरून आदेश परत पाठवतो, कारण चुकीचा माणूस सुटला तर निलंबन त्याचं. प्रत्येकाची काळजी आपापल्या जागी समजण्यासारखी आहे. पण या सगळ्या सावधगिरीची किंमत मोजतो तो, जो त्या खोलीत हजरच नाही. माणूस आठवडाभर जास्त आत राहिला म्हणून कोणाला नोटीस आल्याचं मी पाहिलेलं नाही. चुकून लवकर सुटला तर मात्र सगळे हलतात. माझ्या मते सगळा दोष या एका असमतोलात आहे.

त्या आठ हजारवाल्याचा विषय याच्याशीच जोडलेला आहे. त्याच्या वाटेला अजिबात जाऊ नका. भाड्याचे जामीनदार बनावट सातबारा आणि बनावट रेशन कार्डावर उभे राहतात. एकच माणूस वेगवेगळ्या नावांनी दहा कोर्टांत जामीन राहिलेला असतो. पकडला गेला की गुन्हा दाखल होतो, या मुलाचा जामीन धोक्यात येतो आणि पैसे देणारे म्हणून तुम्हीही चौकशीत ओढले जाता. शिवाय अशा प्रत्येक प्रकरणानंतर कोर्ट कागद आणखी कडक करतं, आणि तो कडकपणा भोगतो खरा सातबारा घेऊन आलेला धडगावचा काका. खरा जामीनदार मिळणं जितकं अवघड, तितका खोट्याचा धंदा चालतो. धंदा चालला की खरा आणखी अवघड होतो.

आता करायचं काय? मी अशा वेळी जामीनदार शोधत बसत नाही, आधी अट बदलून घ्यायला जातो.

कायदा यात तुमच्या बाजूनं आहे. जामिनाची रक्कम परिस्थिती पाहून ठरवावी, ती अवाजवी नसावी, असं संहितेतच लिहिलंय. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४४०, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं ४८४. त्याहून उपयोगी आहे तो सर्वोच्च न्यायालयाचा ३१ जानेवारी २०२३ चा जामीन धोरणाबाबतचा आदेश. त्यानुसार जामिनाचा आदेश त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ई-मेलनं तुरुंगात जायला हवा. सात दिवसांत सुटका झाली नाही तर तुरुंग अधीक्षकानं जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. सचिव प्राधिकरणाच्या स्वयंसेवकाकडून किंवा परिविक्षा अधिकाऱ्याकडून (प्रोबेशन ऑफिसर) त्या माणसाच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल तयार करून अट शिथिल करण्यासाठी कोर्टापुढे ठेवू शकतात. सुटून बाहेर येऊन जामीनदार देतो, असं कोणी म्हणाला तर ठरावीक मुदतीचा तात्पुरता जामीन देता येतो. महिन्याभरात जामीन भरला गेला नाही तर कोर्ट स्वतःहून अटीचा फेरविचार करू शकतं. स्थानिक जामीनदाराच्या आग्रहामुळे सुटका लांबते, तेव्हा ती अट घालू नये, असंही त्यात सुचवलंय. तुमचा हा हेल्पर यातल्या जवळजवळ प्रत्येक वाक्यात बसतो.

मग महिना झाला तरी हे घडलं का नाही? कारण आदेश आपणहून चालत जात नाही. तुरुंगाची यादी सचिवांपर्यंत, सचिवांचं पत्र स्वयंसेवकापर्यंत, त्याचा अहवाल कोर्टापर्यंत कोणीतरी न्यावा लागतो. जिथे तो ‘कोणीतरी’ असतो तिथे माणसं सुटतात. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून याच मधल्या जागेत काम करतोय. त्यांच्यासारखे समाजकार्यकर्ते तुरुंगात जाऊन माणसाला घरचा पत्ता विचारतात, घरी फोन लावतात, कोणता कागद आहे ते पाहतात. वकिलाला हे सुचत नाही असं नाही, पण एका तारखेला हातात पंधरा फाइली असलेल्या वकिलाच्या हातून ते होत नाही.

तर तुम्ही असं करा. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. तिथे साध्या कागदावर अर्ज द्या. मुलाचं नाव, गुन्हा नंबर, पोलीस ठाणे, जामिनाची तारीख आणि अट, कोणत्या तुरुंगात आहे. कोठडीत असलेल्या कोणालाही उत्पन्नाचा दाखला न देता मोफत वकील मिळतो, तेव्हा तो दाखला कोणी मागितला तर हे ठामपणे सांगा. जाणं जमत नसेल तर १५१०० ही हेल्पलाइन आहे. वकिलाला सांगायचं की अर्ज तीन पायऱ्यांचा करा. ‘स्थानिक’ शब्द काढून रक्कम कमी करावी. ते नाही तर जामीनदाराऐवजी रोख अनामत चालावी. तेही नाही तर जातमुचलक्यावर सोडून जामीनदार द्यायला मुदत द्यावी. कोर्टाला एकच दार दाखवलं तर ते बंद होऊ शकतं, म्हणून तीन दाखवायची. रोख अनामत खटला संपल्यावर परत मिळते.

रोखीची परवानगी मिळाली आणि पैसेच नसले, तर केंद्र सरकारची २०२३ ची गरीब कैद्यांना मदत करणारी योजना आहे. तिच्यात कच्च्या कैद्यासाठी ठरावीक मर्यादेपर्यंत रक्कम कोर्टात भरता येते; २०२३ मध्ये ती मर्यादा ४०,००० रुपये होती. अमली पदार्थ, भ्रष्टाचार, मनी लाँडरिंग, बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायदा (यूएपीए) अशा गुन्ह्यांना ती लागू नाही, चोरीला आहे. लक्षात ठेवा, ही योजना पैसे देते, जामीनदार देत नाही. म्हणून आधी अट रोखीत बदलून घ्यायची आणि मग तिच्याकडे जायचं.

आणि एक सरळ प्रश्न तुम्हाला. तुम्ही स्वतः जामीनदार का राहत नाही? तुमचं वर्कशॉप आहे, घरपट्टीची पावती असेल, तुम्ही स्थानिकही आहात. हे करावंच असं मी सांगणार नाही, कारण तो मुलगा तुम्हाला किती माहीत आहे हे तुम्हीच जाणता. तो तारखांना गैरहजर राहिला तर कोर्ट तुम्हाला नोटीस काढेल आणि कारण पटलं नाही तर २५,००० पर्यंत भरावे लागतील. कोर्ट त्यात सूट देऊ शकतं, पण तो भरवसा धरू नका. गुन्ह्याशी मात्र तुमचा काही संबंध जोडला जात नाही. पुढे विश्वास उडाला तर अर्ज करून जामीनदारकीतून मोकळंही होता येतं. माझ्या अनुभवात कामावर ठेवणारा मालक जामीन राहिला की माणूस पळत नाही, कारण त्याला परत यायला जागा असते. सातबारा हे कधीच सांगू शकत नाही.

यात एक सापळा आहे, त्याबद्दल सविस्तर सांगतो, कारण दर आठवड्याला माझ्यासमोर तो येतो. महिने जात राहिले की आतला माणूस म्हणतो, ‘साहेब, कबूल करून टाकतो, जेवढं भोगलं तेवढ्यावर सोडतील.’ साध्या चोरीला कमाल शिक्षा तीन वर्षं, त्यामुळे हिशेब बरोबर वाटतो. वायर त्यानं घेतलीच नसली तरी. पण त्या दिवशी तो शिक्षा झालेला गुन्हेगार होतो. पुढच्या वेळी परिसरात कुठेही चोरी झाली की पोलीस पहिल्यांदा त्याच्याकडे येतात. नव्या संहितेच्या कलम ४७९ नुसार ज्याला आधी शिक्षा झालेली नाही, त्याला कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळानंतर जामिनावर सोडायचं असतं, इतरांना निम्म्या काळानंतर. ती एक तृतीयांशाची सवलतही तो कायमची गमावतो. म्हणून त्याला निरोप द्या की घाईनं काही कबूल करू नकोस, बाहेर काम चालू आहे. आतल्या माणसाला बाहेर काम चालू आहे हे कळणं फार मोठी गोष्ट असते.

पारधी समाजाच्या बाबतीत हा सापळा मी सर्वांत क्रूर रूपात पाहिलाय. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं अख्ख्या जमातींवर शिक्का मारला. तो कायदा १९५२ मध्ये गेला, पण ‘ठावठिकाणा नाही’ हे वाक्य पोलिसांच्या कागदात राहिलं. पालावर राहणाऱ्याला पत्त्याचा पुरावा नाही, म्हणून जामीनदार नाही, म्हणून आत. मग कबुली, म्हणून ‘सराईत’, आणि पुढच्या वेळी जामीनच नाही. मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं तुरुंगातली जातीवर आधारलेली कामाची वाटणी रद्द केली आणि कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला सांगितलं. हे मोठं पाऊल आहे. अटकेच्या क्षणी पोलीस ठाण्यात जे लिहिलं जातं, तिथपर्यंत ते पोचायला अजून वेळ लागेल.

गरीब देशांत सगळीकडे असंच का, याचं उत्तर मी थोडक्यातच देतो. प्रमाण कमीजास्त आहे, कारणं ओळखीची आहेत. वकील कमी, न्यायाधीश कमी, आणि भरवसा मोजायचं माप मालमत्ता. पण गरीब देशांनीच चांगले उपायही काढलेत. मलावी हा आफ्रिकेतला छोटा देश, तिथे वकील अगदी मोजके. २००० पासून तिथे प्रशिक्षण दिलेले विधी साहाय्यक तुरुंगांत जातात, कैद्यांना स्वतःचा जामीन अर्ज मांडायला शिकवतात, अडकलेल्यांच्या याद्या काढतात, आणि दंडाधिकारी तुरुंगातच येऊन ती प्रकरणं ऐकतात. फिलिपिन्सनं २०१३ मध्ये कायदा केला की ज्याला जामीन परवडत नाही त्याला समाजातल्या जबाबदार व्यक्तीच्या हवाली करून सोडता येतं. मालमत्तेऐवजी ओळख तारण. आपल्याकडे दर जिल्ह्यात कच्च्या कैद्यांचा आढावा घेणारी समिती आहे, जिल्हा न्यायाधीश तिचे अध्यक्ष असतात. तुमच्या अर्जात ‘हे प्रकरण आढावा समितीपुढे ठेवावे’ हे एक वाक्य जरूर घाला.

तो सुटल्यावरचं काम जामिनाइतकंच महत्त्वाचं आहे. पुढची तारीख, कोर्ट नंबर आणि वकिलाचा फोन त्याच्या मोबाइलमध्ये आणि तुमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. ई-कोर्ट्सच्या ॲपवर तारीख दिसते. बरेचजण पळून जात नाहीत, त्यांना तारीख कळलेली नसते, आणि निघालेलं वॉरंट फरार म्हणूनच निघतं. सातपुड्यातला माणूस होळीला घरी जाणारच. त्या सुमारास तारीख असेल तर वकिलाला आठ दिवस आधी सांगा, गैरहजेरी माफीचा अर्ज त्या दिवशी सकाळीच कोर्टात द्यायला लावा, आणि आदेशात जिल्हा सोडण्यावर बंदी आहे का हे त्याआधी तपासून घ्या.